हळदीत थांबलेला आवाज

तलवाडा, ता. गेवराई
१२ जून २०२५

ती. अक्का हिच्या चरणी विठ्ठलचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. तुझ्या नातीच्या, ऋतुजाच्या लग्नाला दीड महिना होत आला. लग्नाहून परतलो त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण चार ओळी झाल्या की कागद फाडायचो. असे पाच-सहा कागद गेले. शेवटी सूनबाई वनमालाने विचारलं की आबा, कुणाला एवढे अर्ज करताय. मी म्हणालो, पीकविम्याचा आहे. म्हणजे पत्र सुरू व्हायच्या आधीच एक खोटं बोलून झालं.

फोन कावून केला नाही, असं तू म्हणशील. पण तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून फोनवर मी एकटाच बोलतो आणि तू पलीकडून ताटलीवर चमचा वाजवतेस. एकदा वाजला तर हो, दोनदा वाजला तर नाही. मला जे विचारायचं आहे त्याला हो-नाही पुरत नाही. मोबाईलवर लिहावं तर तुझ्याआधी तुझी नातवंडं वाचतात. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

इकडे सगळे बरे आहेत. माझ्या अंगदने खालच्या रानात सरकी लावली. म्हैस व्याली, रेडी झाली. माझा डावा गुडघा उठताना कुरकुरतो. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो, तरी छातीत धडधडतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, काळजी करू नका. काळजी करू नका म्हटल्यावर जास्तच होते.

आता त्या गाण्याच्या डब्याबद्दल. नात वैष्णवीने माझ्या एक्केचाळीस कॅसेटींतली गाणी उतरवून आपल्या घरी तो लहानसा कॉम्प्युटर बसवला, आणि मोबाईलवरच्या ॲपमधून तू तेलगावला बसून तुझ्याच ओव्या ऐकू लागलीस, हे गेल्या दिवाळीपासून चालू आहे. हे तुला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहितो आहे, कारण गेला महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. मी रोज त्या ॲपची परीक्षा घेतो. घरच्या वायफायवर ऐकलं तर आवाज भरलेला येतो. तुझ्या गळ्याबरोबर जात्याची घरघर येते, बांगड्यासुद्धा ऐकू येतात. तेच रानात ऐकलं की रेंज बारीक होते, मग ॲप आवाजही बारीक करून पाठवतं, म्हणजे मध्ये तुटू नये. तुटत नाही हे खरं, पण तू तांब्यात तोंड घालून गातेस असं वाटतं आणि जातं तर पार नाहीसंच होतं. वैष्णवीने मला एक बटण दाखवलं होतं. ते दाबलं की मूळ आवाज जसाच्या तसा येतो. रानात दाबून पाहिलं. दोन ओव्या झाल्या आणि गोल फिरायला लागलं.

आधीची दोन ॲपं तिने काढून टाकली होती हे तुला आठवत असेल. एक मोबाईलचा पडदा काळा झाला की गप्प बसायचं, आणि दुसरं मध्येच विसरायचं की आपण कुठल्या कॅसेटीत होतो. हे तिसरं तसं करत नाही. तरीसुद्धा, अक्का, मशीन ते मशीन. त्यावर भरवसा किती धरायचा?

म्हणून तुला विचारतो. हळदीच्या दिवशी पाच वाजता तेलगावात रेंज गेली होती का? तुला तसं आठवत असेल, तर ऋतुजाच्या मामेसासऱ्यांना, युवराजरावांना, एक ओळ लिहून कळवशील का? त्यांच्या वडिलांच्या दुकानातल्या दोन खोल्या भरून कॅसेटी वैष्णवीने उतरवून द्यायच्या, असं दहा महिन्यांचं काम त्यांनी तिला जवळजवळ दिलंच होतं. हळदीनंतर त्यांनी नको म्हणून कळवलं. पोरगी तेव्हापासून बीडहून घरी आलेली नाही. कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसते, आईशी बोलते, माझा फोन उचलत नाही.

तुझं सगळं कसं आहे? ऋतुजा सासरी रमली का? लोभ आहे तो माझ्या वागण्यावर तोलू नकोस.

तुझा धाकटा,
विठ्ठल


तेलगाव
१७ जून २०२५

चि. विठ्ठल यास तुळजाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन पानांत मशीन आहे, चार ओळींत म्हैस आणि गुडघा, आणि वैष्णवी अगदी तळाला. तुझी पत्रं खालून वर वाचायची असतात हे मला लई जुनं माहीत आहे. शाळेतून पाटी फोडून यायचास तेव्हा आधी मास्तर किती मारकुटे आहेत ते सांगायचास आणि पाटीचं शेवटी.

मी बरी आहे. घशाच्या भोकावर फडकं बांधते, उन्हाळ्यात त्याचा जाच होतो. घरात पाटीवर लिहून बोलते. तुझा भाचा म्हणतो, आई पूर्वी दिवसभर बोलायची, आता दोन खडूंत दिवस भागतो, घरात शांतता आली. मी पाटीवर लिहिलं की मेल्या, तिसरा खडू तुझ्या डोक्यात घालायला ठेवलाय. ऋतुजा रमली आहे. सासू चांगली आहे, फक्त चहात साखर ओतते म्हणे.

ॲपचं म्हणशील तर माझ्याकडे ते रोज पहाटे चालतं. मी मूळ आवाजाचं बटण दाबून ठेवलंय, कारण बारीक आवाजात मला माझाच गळा ओळखू येत नाही. खरा आवाज येतो तेव्हा त्या एका कॅसेटीत आई खोकते तेही ऐकू येतं. मी ओवी म्हणते आहे, आई मागे खोकते आहे, आणि तू म्हणतोस की आई, जरा पलीकडं जाऊन खोक, टेप चालू हाय. आई जात नाही, तिथंच खोकते. बारीक आवाजात आईचा खोकला येत नाही. माझा गळा तर गेलाच, विठ्ठल. आता तो तुझ्या घरातल्या त्या डब्यात राहतो आणि पहाटे मला भेटायला येतो. त्यामुळे मशीन ते मशीन असं मला सांगू नकोस.

रेंजचं विचारलंस. हळदीच्या दिवशी पाच वाजता नवरदेवाकडची पोरं उष्टी हळद घेऊन आली होती आणि ती आमच्या ओट्यावर बसून मोबाईलवर कसलेतरी नाच बघत होती. रेंज कुठंही गेलेली नव्हती. मी ते युवराजरावांना लिहिणार नाही. माझ्या वयाच्या बाईने नातीच्या मामेसासऱ्याला खोटं लिहावं, असं तुला सुचलं तरी कसं?

आता मी विचारते. तुझ्या घरून हळदीला तू आलास, अंगद आला, वनमाला आली. वैष्णवी तर दोन दिवस आधीपासून माझ्याकडेच होती, स्पीकरला वायरी जोडत. मग त्या दिवशी तलवाड्याच्या घरात कोण होतं?

मांडवात तू तिला जे बोललास ते मी पुन्हा कागदावर काढत नाही. तुला पाठ असेल.

काय ते नीट लिही. उलटं लिहू नकोस.

तुझी अक्का


तलवाडा
२२ जून २०२५

ती. अक्काच्या चरणी विठ्ठलचा शि. सा. नमस्कार.

घरात कोणी नव्हतं.

आता सांगतो. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, अंगदलाही नाही.

वैष्णवीने हळदीच्या चार दिवस आधी मला विचारलं होतं की अक्काआजीची हळदीची गाणी मोबाईलमध्येच भरून नेऊ का. म्हणजे रेंज असो नसो, घरचा डबा चालू असो नसो, गाणं वाजणारच. मी नको म्हणालो. ठासून नको म्हणालो. मला नवरदेवाकडच्यांना सांगायचं होतं की हा जो आवाज तुम्ही ऐकताय तो आत्ता, या क्षणी, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या माझ्या घरातून येतो आहे. मोबाईलमध्ये भरलेली गाणी काय, टपरीवालाही वाजवतो. पोरगी म्हणाली की आबा, ऐकणाऱ्याला काही फरक पडत न्हाई. मी म्हणालो, मला पडतो. आणि मांडवात मी तसं सांगत फिरलोसुद्धा. युवराजरावांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली तेव्हा मला आमदार झाल्यासारखं वाटलं.

हळदीच्या दिवशी दुपारी एक वाजता आम्ही तिघं घराला कुलूप लावून निघालो. तेव्हा आमच्याकडे आतल्या खोलीत छताला लागेल इतका कापूस भरलेला होता. भाव वाढेल म्हणून ठेवलेला. मागे गावातल्या भिवराबाईचं घर असंच कापसासकट जळालं, वायर चिकटली म्हणून. तेव्हापासून घरातली सगळी माणसं बाहेर पडणार असली की मी मेन स्विच खाली पाडतो. त्यासाठी मला विचार करावा लागत नाही. चपला घातल्या की हात आपोआप वर जातो. वैष्णवीने डब्याच्या पिनेवर कागद चिकटवला होता की हे बंद करू नये. मी त्या कागदाकडे बघितलं, पिनेला हात लावला नाही, उलट मनात म्हणालो की बघा, आपण किती काळजी घेतो. आणि चपला घालून मेन पाडलं.

डबा लगेच बंद झाला नाही, हेच वाईट झालं. इन्व्हर्टरवर तो चालू राहिला. दिवा हिरवा दिसत होता. मला वाटलं सगळं ठीक आहे, नव्हे, काही वाटलंच नाही. बॅटरी जुनी आहे, तिच्यात पाणी घालायचं मी दोन महिने उद्यावर टाकत होतो. चार तासांत ती बसली. ती नेमकी तू पाटावर ऋतुजाच्या शेजारी बसली होतीस तेव्हा.

पहिली हळद गं, दारीच्या लिंबाला,
दुसरी हळद गं, पाठीच्या भावाला.

एवढं झालं आणि थांबलं. तू मान खाली घालून ऐकत होतीस, हातात हळदीची वाटी होती. आवाज थांबल्यावर तू वर बघितलंस. मी ते बघितलं, अक्का. दीड महिना मला तेच दिसतं. तुझं तोंड उघडलं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं.

मग मी उठलो. लोक माझ्याकडे बघत होते, कारण तासभर मीच फुशारकी मारत होतो. मी पोरीवर ओरडलो. म्हणालो की हिला कोणी शिकवलं बे, चार वायरी जोडता येतात म्हणून स्वतःला इंजिनिअर समजते, हिच्या हातात सोन्यासारख्या कॅसेटी दिल्या आणि हिने पाहुण्यांपुढं घराण्याचं नाक कापलं. आणखी म्हणालो की जो कोणी हिला काम देईल तो पस्तावेल. युवराजराव स्पीकरपासून दोन हातांवर उभे होते. पोरगी वायर हातात धरून उभी होती. मी तडक बाहेर पडून शाळेच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि अक्षता पडेपर्यंत तोंड दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. कुलूप मीच काढलं. आत अंधार. वर हात गेला तर मेन खाली. तेव्हा मला सगळं एकदम कळलं. मागून अंगद आणि वनमाला पिशव्या घेऊन येत होते. मी पटकन मेन वर केलं. इतक्या पटकन की बोटाला चटका बसल्यासारखं झालं. वनमालाने विचारलं की आबा, आत का थांबलात. मी म्हणालो, चप्पल काढतोय.

त्यानंतर महिनाभर मी घरात सगळ्यांना सांगत फिरलो की ॲपच खराब आहे. अंगदनेही तेच धरलं. आणि मी जी रोज परीक्षा घेतो म्हणून तुला लिहिलं, ती मी ॲपमध्ये दोष सापडावा म्हणून घेत होतो. सापडला नाही. ते चांगलं चालतं, अक्का. इतकं चांगलं चालतं की मला त्याचा राग येतो.

चौथी शिकलेला माणूस मी. त्या काळी तेवढ्यावर गावात मान होता. तुला अक्षरं मीच शिकवली, आणि आता त्याच अक्षरांत तू मला विचारलंस की घरात कोण होतं.

तू हे सगळं वैष्णवीला कळवशील का? तुझं ती ऐकते. मला तिच्यापुढं तोंड नाही. तू सांगितलंस तर ते मऊ पडेल.

विठ्ठल


तेलगाव
२७ जून २०२५

चि. विठ्ठल यास आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं केलंस. वाचून मी बराच वेळ ओट्यावर बसले. तुझा भाचा विचारू लागला की मामाला बरं न्हाई का. मी पाटीवर लिहिलं की मामाला आता थोडं बरं वाटेल.

तू उठून गेलास म्हणून तुला एक गोष्ट ठाऊक नाही. दीड महिना तुझ्या डोळ्यांपुढं माझं उघडं तोंड आहे म्हणतोस, मग पुढचंही ऐक. आवाज थांबला, तू ओरडलास, गेलास. मग नवरदेवाच्या आत्याने हळदीचा हात माझ्या गालावर पुसला आणि तिसरी ओवी तिने स्वतःच्या मनाची घातली. ती माझी नव्हती. माझ्या ओवीत तिसरी हळद कुणाला लागते ते त्या मांडवात फक्त मला माहीत होतं आणि मला सांगता येईना. त्या बाईने ती विहिणीच्या मांजराला लावली. आमच्या बायांनी लगेच चौथी तिच्या नवऱ्याच्या टकलाला लावली. मग काय, दोन्हीकडच्या बाया अशा पेटल्या की अर्धा तास थांबल्या नाहीत. मी हसले. मला हसता येतं हे मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा कळलं, आवाज नुसता फुस्स असा येतो. तेव्हा माझी लाज तू तुझ्या डोक्यावरून उतरव. माझी हळद चांगली झाली.

पण पोरगी त्या अर्ध्या तासात वायरी गुंडाळत होती. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. माझ्या हाताला हळद होती, पाटी दूर होती, उठेपर्यंत ती निघून गेली. ते मात्र माझ्या डोक्यावरून उतरत नाही.

तुझा निरोप मी नेणार नाही. गळा असता तरी नेला नसता. मऊ पाडून सांगायला मी काय पापड आहे? तू तिला चारचौघांत बोललास, ते चारचौघांतच परत घ्यावं लागतं. एकट्या पोरीला पत्र लिहून भागणार नाही. आधी बीडला युवराजरावांकडे जा. जे मला लिहिलंस ते त्यांच्या तोंडावर सांग. मुलीकडचा म्हणून वाकायची लाज वाटेल, तर ती वाटू दे. मग पोरीला लिही.

आणि घरात अंगदला आणि वनमालालाही सांग. तिच्या आईबापाला आधी कळायला हवं होतं.

जाऊन आलास की कळव. तोवर मी ॲप बंद ठेवणार आहे. ऐकणार नाही. बघू किती दिवस मला उपाशी ठेवतोस.

तुझी अक्का


तलवाडा
५ जुलै २०२५

चि. वैष्णवी हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

तू हे पाकीट बघून फोडणार नाहीस असं मला वाटतं, म्हणून पत्ता वनमालाच्या हातचा आहे. हीसुद्धा एक फसवणूकच झाली, पण ही शेवटची समज.

मुद्दा आधी लिहितो. हळदीच्या दिवशी घरचं मेन मी पाडलं होतं. कापूस होता म्हणून, सवयीने. इन्व्हर्टर बसला आणि तुझा डबा बंद झाला. तुझ्या जोडणीत, तुझ्या ॲपमध्ये, तुझ्यात, कशातही खोट नव्हती. आणि गाणी मोबाईलमध्ये भरून नेऊ असं तू म्हणाली होतीस, तेही मीच मोडलं. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी दोन महिने गप्प बसलो.

परवा रात्री जेवताना हे तुझ्या आईबापाला सांगितलं. अंगद ताटावरून उठला. वनमाला उठली नाही. तिने मला आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाली की आबा, पोरगी रोज फोनवर रडते, तुम्ही वरच्या खोलीतून खाली येऊन एकदा तरी ऐकायचं होतं.

काल एसटीने बीडला गेलो. तुझ्या क्लासच्या समोरच्या रस्त्यावरून रिक्षा गेली, मी मान खाली घातली. युवराजरावांच्या दुकानात दोघे भजनकरी चहा पीत बसले होते, आणि ऋतुजाच्या सासूबाईही माहेरी म्हणून आलेल्या. मला बरं वाटलं नाही, मनात आलं की नंतर येऊ. पण अक्काआजीने लिहिलं होतं की चारचौघांत. तिथं बरोबर चौघे होते. मी उभ्यानेच सांगितलं. युवराजराव म्हणाले की आबा, मांडवात तुमचा आवाज लई मोठा होता, इथं कावून बारीक झालाय, बसा आणि पुन्हा सांगा. मी बसलो आणि पुन्हा सांगितलं. ऋतुजाच्या सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, हसल्या की हळहळल्या ते कळलं नाही.

सगळं ऐकून युवराजरावांनी मोबाईल काढला आणि तू त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेलं मला वाचून दाखवलं. तू लिहिलंस की हळदीच्या दिवशी घरून निघताना जोडणी मीच नीट तपासली नव्हती, चूक माझी आहे, आबांचं वय झालंय, त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका. ते म्हणाले की याच्यामुळेच मी काम नको म्हणून कळवलं, तुमच्या ओरडण्यामुळे नाही. म्हातारी माणसं ओरडतातच. पण जी पोरगी जोडणी न तपासता घराबाहेर पडते तिच्या हाती वडिलांच्या कॅसेटी कशा द्यायच्या.

मी त्यांना म्हणालो की पण ती दोन दिवस आधीच तेलगावला होती, निघताना तपासायला ती घरी नव्हतीच. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की असला डबा किती वाजता बंद पडला आणि किती वाजता परत चालू झाला हे स्वतःच लिहून ठेवतो, आणि बसवणाऱ्याला ते मोबाईलवर दिसतं. म्हणजे पाचला तो कसा गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, मी कुलूप काढल्याच्या त्याच मिनिटाला, तो कसा उठला, हे तुला बीडच्या खोलीत बसून दिसलं असणार.

वैष्णवी, तुला ठाऊक होतं. मी चप्पल काढतोय असं तुझ्या आईला सांगत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं. आणि तरी तू त्यांना तसं लिहिलंस.

मला वाटत होतं की तू माझ्या बोलण्याने दुखावलीस म्हणून फोन उचलत नाहीस. आता वाटतं की मी आपण होऊन सांगतो का, याची तू वाट बघत होतीस. दोन महिने. मी रोज त्या ॲपमध्ये खोट शोधत होतो आणि तू तिकडे बसून मला शोधताना बघत असशील. पहाटे एकदा, दुपारी एकदा, रानातून एकदा. तेही तो डबा लिहून ठेवतो का? ठेवत असेल तर मला सांगू नकोस.

काम अजून त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही. पण हो असंही म्हणाले नाहीत. म्हणाले की आजोबाच्या शब्दावर काम देत नसतो, पोरीने स्वतः येऊन खरं काय ते सांगावं, आणि यापुढे दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नये, उद्या कॅसेटीवर एकाच्या जागी दुसऱ्या गाणाऱ्याचं नाव पडलं तर ते मला चालणार नाही. माणूस कडक आहे. मला आवडला. तू जावंस असं मला वाटतं, पण तू जा असं म्हणायचा माझा हक्क मी मांडवात घालवला.

अक्काआजीने ऐकणं बंद केलं आहे. मी सगळं निस्तरेपर्यंत ऐकणार नाही म्हणते. तिला आज वेगळं पत्र टाकतो. तिच्यासाठी तरी कळव, असं मी लिहिणार होतो, पण ते खोडलं. तिच्या आडून मागणं बरं नाही. मीच मागतो.

बेटा, माफ कर असं लिहायला हात धजत नाही, कारण तू आधीच केलं असशील अशी मला भीती वाटते, आणि तसं असेल तर मी आणखीच खाली जातो. तू रागावून लिही. मी जे जे बोललो ते एकेक करून मला परत सुनाव. एक ओळ लिही, नाहीतर कोरा कागद घाल, पण पाकिटावर अक्षर तुझं असू दे. पोस्टमन मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मी सकाळपासून मारुतीच्या पारावर बसलेला असतो. लवकर कळव.

तुझा आबा,
विठ्ठलराव